मेद बनवणारं एन्झाइम बंद केल्यावर: स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरचा प्रयोग प्रत्यक्ष करताना

स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर मेदाम्लं बनवणाऱ्या एन्झाइमचा रोधक टाकला की ७२ तासांत पेशी कमी झालेल्या दिसतात. हा आलेख मिळवायला फारसं कसब लागत नाही. खरी अडचण पुढे येते. पेशी कमी झाल्या त्या मेदनिर्मिती थांबली म्हणून, की टाकलेलं रसायन मुळातच पेशींना बाधणारं होतं म्हणून? या प्रयोगातली बहुतेक मेहनत या एका प्रश्नावर खर्च होते, आणि त्याचं उत्तर रोधकाच्या बाटलीपेक्षा सीरमच्या बाटलीत जास्त दडलेलं असतं.

थोडी पार्श्वभूमी. प्रौढ शरीरातल्या बहुतेक पेशी लागणारी मेदाम्लं रक्तातून उचलतात. स्वतः बनवण्याचं काम मुख्यतः यकृत, मेदऊती आणि दूध तयार करणारं स्तन करतं. कर्करोगाच्या पेशी मात्र आजूबाजूला मेद असूनही तो घरी बनवत राहतात. स्तनाच्या कर्करोगात वाईट भवितव्याशी जोडलं गेलेलं 'ओए-५१९' नावाचं प्रतिजन म्हणजे फॅटी ॲसिड सिंथेसच आहे, हे १९९४ मध्ये दाखवलं गेलं आणि तिथून या विषयाला वेग आला. हे एन्झाइम, म्हणजे फॅसन, सुमारे २७० किलोडाल्टनच्या दोन सारख्या साखळ्यांचं असतं. एक ॲसिटिल-कोए, सात मॅलोनिल-कोए आणि चौदा एनएडीपीएच (क्षपणासाठी इलेक्ट्रॉन पुरवणारे रेणू) वापरून ते १६ कार्बनांचं पाल्मिटेट तयार करतं. त्याच्या आधीच्या पायऱ्या म्हणजे सायट्रेटपासून ॲसिटिल-कोए बनवणारं एसीएलवाय आणि त्यापासून मॅलोनिल-कोए बनवणारं एसीसी. नंतरची पायरी एससीडी-१ ची: ते संपृक्त साखळीत दुहेरी बंध घालतं. उलट्या दिशेचा, म्हणजे मेद जाळण्याचा दरवाजा सीपीटी-१ सांभाळतं. ही साखळी डोक्यात पक्की असल्याशिवाय निकालांचा अर्थ लागत नाही, कारण एका ठिकाणी बोळा घातला की त्याच्या अलीकडे काय तुंबतं आणि पलीकडे काय संपतं, या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

पेशी निवडताना किमान तीन प्रकार हवेत. इस्ट्रोजेनग्राही असलेल्या एमसीएफ-७ किंवा टी-४७डी, हर-२ हा वाढीचा संकेत घेणारा ग्राही भरपूर असलेल्या एसके-बीआर-३ किंवा बीटी-४७४, आणि तिन्ही ग्राही (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, हर-२) नसलेल्या एमडीए-एमबी-२३१. एसके-बीआर-३ मध्ये फॅसन इतकं असतं की पेशीद्रवातल्या प्रथिनांचा मोठा वाटा तेच उचलतं, त्यामुळे पहिला प्रयोग तिथे करणं सोयीचं. तुलनेला कर्करोग नसलेल्या एमसीएफ-१०ए पेशी ठेवतात, पण त्यांचं मीडियम वेगळं असतं: ५ टक्के घोड्याचं सीरम, इन्सुलिन, ईजीएफ हा वाढघटक, हायड्रोकॉर्टिसोन, कॉलरा टॉक्सिन. 'सामान्य पेशींना काही झालं नाही' असं वाक्य लिहिण्याआधी हा फरक मोजून घ्यावा, कारण इन्सुलिनही मेदनिर्मिती वाढवतं. एमडीए-एमबी-४३५ या पेशी जुन्या शोधनिबंधांत स्तनाच्या म्हणून भेटतात. जनुकीय ओळख पटवल्यावर त्या त्वचेच्या मेलॅनोमाच्या निघाल्या, तेव्हा त्यांच्यावरचे निकाल या विषयात धरू नयेत.

मायकोप्लाझ्माची चाचणी कोणत्याही पेशीकामात करतातच, इथे तिला जास्त वजन आहे. हे जंतू स्वतःची मेदाम्लं बनवू शकत नाहीत आणि बहुतेकांना कोलेस्टेरॉलही बाहेरूनच लागतं. ते दोन्ही यजमान पेशीकडून आणि मीडियममधून घेतात. बाधित फ्लास्कमध्ये मेदाचा हिशेब करणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी मोजणं.

आता सीरम. नेहमीच्या मीडियममध्ये वासराच्या गर्भाचं सीरम १० टक्के असतं, आणि त्यात अल्ब्युमिनला चिकटलेली मेदाम्लं, लायपोप्रोटीन, कोलेस्टेरॉल हे सगळं येतं. घरची चूल बंद झाली की पेशी सीडी-३६ सारख्या वाहकांमार्फत आणि एलडीएल ग्राहीमार्फत बाहेरचा मेद ओढून घेतात. त्यामुळे एकच रोधक १० टक्के सीरममध्ये अगदी दुबळा दिसतो आणि मेद काढलेल्या सीरममध्ये तोच कितीतरी कमी मात्रेत वाढ रोखतो. म्हणून प्रत्येक मात्रा दोन्ही सीरममध्ये समांतर चालवायची. मेद काढलेल्या सीरममध्ये पेशी रोधकाशिवायही संथ वाढतात. त्यांना आधी २४ तास रुळू द्यावं आणि टक्केवारी काढताना त्याच सीरममधला रोधकाविना कंट्रोल घ्यावा.

इथे एक गल्लत वारंवार होते. कोळशाने गाळलेलं सीरम आणि मेद काढलेलं सीरम एकच नव्हे. कोळसा मुख्यतः स्टेरॉइड संप्रेरकं काढण्यासाठी वापरतात. त्याने काही मेद जातो, पण सगळा जात नाही, आणि किती जातो हे बॅचनुसार बदलतं. शिवाय इस्ट्रोजेन गेल्यावर एमसीएफ-७ ची वाढ मंदावते ती मेदामुळे नव्हे. या पेशींसाठी फिनॉल रेडचंही भान ठेवावं लागतं. मीडियमला गुलाबी रंग देणारं हे सूचक इस्ट्रोजेनसारखा सौम्य परिणाम करतं, म्हणून संप्रेरकांचा संबंध असलेल्या प्रयोगात रंगहीन मीडियम वापरतात.

रोधकांचं म्हणाल तर प्रत्येकाची एक खोड आहे. बुरशीपासून मिळणारं सेरुलेनिन फॅसनच्या सिस्टीनला कायमचं चिकटतं, पण प्रथिनांना पाल्मिटेट जोडण्याची क्रियाही अडवतं. सी-७५ हा थायोल गटांशी सहज जुळणारा रेणू आहे, तेव्हा एन्झाइमच्या चाचणीत तो डीटीटी हे थायोल असलेल्या बफरमध्ये आधीच मिसळून ठेवला तर काही अंशी वाया जातो. शिवाय तो सीपीटी-१ ला चालना देतो असंही दिसलेलं आहे. ऑर्लिस्टॅट फॅसनच्या थायोएस्टरेज भागावर बसतं आणि स्वस्त असल्याने सगळेच त्यापासून सुरुवात करतात. ते पाण्यात नीट विरघळत नाही, आणि त्याचं बीटा-लॅक्टोन कडं मीडियममध्ये फुटतं. त्यामुळे दर २४ तासांनी ताजं मीडियम आणि ताजी मात्रा द्यावी लागते. वजन कमी करण्याच्या गोळीतलं औषध ते हेच, पण ती गोळी आतड्यातच काम करते आणि रक्तात नगण्य शोषली जाते. प्लेटमधला निकाल बघून कोणी गोळी घेण्याचा विचार करू नये. नव्या पिढीतले जीएसके-२१९४०६९ किंवा टीव्हीबी-३१६६ सारखे रोधक नॅनोमोलर मात्रेत आणि बरेच नेमके काम करतात. याच टीव्हीबी कुटुंबातलं टीव्हीबी-२६४० मानवी चाचण्यांपर्यंत पोचलेलं आहे. एसीसीसाठी टोफा, एससीडी-१ साठी ए-९३९५७२, सीपीटी-१ साठी एटोमॉक्सिर. एटोमॉक्सिर जुन्या पद्धतीने २०० मायक्रोमोलर टाकलं तर ते मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनसाखळीतल्या कॉम्प्लेक्स-१ लाही अडवतं. सीपीटी-१ बंद करायला १० मायक्रोमोलरच्या आत काम भागतं.

रोधकाचा स्टॉक डीएमएसओ या द्रावकात हजारपट तीव्र बनवतो, म्हणजे वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) डीएमएसओ ०.१ टक्का राहतं आणि सगळ्या वेलमध्ये सारखंच राहतं. मात्रांची मालिका ०.१, ०.३, १, ३, १०, ३० मायक्रोमोलर अशी अर्ध-लॉग पायऱ्यांनी, आणि हे पातळ करणं आधी डीएमएसओमध्येच उरकायचं. मीडियममध्ये पातळ करत गेलं तर डीएमएसओचं प्रमाण प्रत्येक पायरीला बदलतं आणि तीव्र टोकाला रोधक साका होऊन बसतो. मात्रा दिल्यावर तासाभराने प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरायचीच. ऑर्लिस्टॅटच्या वरच्या मात्रांत कधीकधी पेशींच्या वर, थोड्या वेगळ्या फोकसला, बारीक चकाकत्या सुया तरंगताना दिसतात. सुया दिसल्या की त्या वेलमधली मात्रा लेबलवर लिहिलेली नाही, हे समजून ती आणि त्यावरच्या सगळ्या मात्रा आलेखातून काढाव्यात. वक्र वरच्या टोकाला सपाट होतो, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

९६ वेलच्या प्लेटमध्ये एमडीए-एमबी-२३१ साधारण ३,०००, एमसीएफ-७ ५,००० आणि एसके-बीआर-३ ८,००० पेशी प्रति वेल, १०० मायक्रोलिटरमध्ये. कडेच्या वेलमधून पाणी उडतं, म्हणून तिथे नुसतं पीबीएस (मीठ-फॉस्फेटचं बफर) भरून आतले ६० वेल वापरावेत. पेशी टाकल्यावर प्लेट लगेच इनक्युबेटरमध्ये न ढकलता १५-२० मिनिटं खोलीच्या तापमानाला सपाट ठेवली तर त्या वेलच्या भिंतीकडे गोळा होत नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्रा द्यायच्या वेळी एक वेगळी 'शून्य वेळ' प्लेट थांबवून मोजायची. ही प्लेट वगळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण तिच्याशिवाय पेशी वाढायच्या थांबल्या की मेल्या हे कळायला मार्ग नाही. समजा सुरुवातीचं मोजमाप ०.२ आणि ७२ तासांनी कंट्रोलचं ०.८ आहे. रोधकाच्या वेलमध्ये ०.२ आलं तर टक्केवारीच्या भाषेत '७५ टक्के घट' होते. प्रत्यक्षात एकूण पेशींची संख्या कमी झालेली नसते, फक्त वाढ थांबलेली असते. मेदनिर्मितीच्या रोधकांचा परिणाम बऱ्याचदा असाच असतो. पेशी सावकाश दुप्पट होणाऱ्या असतील तर हा फरक आणखी पुसट होतो, तिथे ७२ ऐवजी ९६ तास द्यावेत.

मोजमापाला एमटीटी (जिवंत पेशींत जांभळा होणारा रंग) सोपं पडतं: अंतिम ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ३ ते ४ तास, मग मीडियम अलगद काढून जांभळे स्फटिक डीएमएसओमध्ये विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचन. पण एमटीटी पेशी मोजत नाही, तिच्यातल्या एनएडीएच आणि एनएडीपीएचवर चालणाऱ्या क्षपणाची ताकद मोजतं. फॅसन हा एनएडीपीएचचा मोठा गिऱ्हाईक. तोच बंद केल्यावर त्याच चलनावर आधारलेली चाचणी वापरणं धोक्याचं आहे. म्हणून जोडीला एसआरबी (प्रथिनांना चिकटणाऱ्या रंगाची चाचणी) करतो. थंड ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल अंतिम १० टक्के, ४ अंशांना तासभर, नळाच्या पाण्याने धुणं, रंग, १ टक्का ॲसिटिक आम्लाने धुणं आणि १० मिलिमोलर ट्रिसमध्ये विरघळवणं. ते नुसतं प्रथिन मोजतं. दोन्ही चाचण्यांचे वक्र जुळले तर ठीक, नाही जुळले तर ट्रिपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींत शिरणारा रंग) टाकून हाताने मोजण्याला पर्याय नाही. दीर्घ परिणामासाठी ६ वेलच्या प्लेटमध्ये ५०० ते १,००० पेशी, १० ते १४ दिवस, क्रिस्टल व्हायोलेट, आणि ५० पेशींपेक्षा मोठा पुंजका तेवढा वसाहत म्हणून धरायचा.

एन्झाइम खरंच बंद झालं का, हे वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनाचं प्रमाण पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) सांगत नाही. रोधक एन्झाइमचं काम थांबवतात, त्याचं प्रमाण कमी करतातच असं नाही. उलट पेशीला मेदाची चणचण जाणवली की मेदनिर्मितीची जनुकं चालू करणारं एसआरईबीपी जागं होतं आणि फॅसनची पट्टी कंट्रोलपेक्षा ठळक येऊ शकते. ती बघून प्रयोग फसला असं समजू नये. क्रियाशीलता थेट मोजावी. पेशींचा अर्क, पोटॅशियम फॉस्फेट बफर, एनएडीपीएच आणि ॲसिटिल-कोए घालून ३४० नॅनोमीटरला आधी काही मिनिटं मूळ उतार नोंदवायचा, मग मॅलोनिल-कोए घालून नवा उतार. दोन्हींतला फरक म्हणजे फॅसन. एनएडीपीएचचा गुणांक ६.२२ प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर आहे, पण प्लेटमध्ये प्रकाशाचा मार्ग १ सेंटिमीटर नसतो, तो मोजून भागावा लागतो. आणखी खात्रीचा मार्ग म्हणजे समस्थानिकाची खूण असलेला ॲसिटेट देऊन तो मेदात किती उतरला ते बघणं. ब्लॉट करायचाच असेल तर ६ ते ८ टक्के जेल आणि थंड खोलीत रात्रभर संथ ट्रान्सफर हवा. एवढं जड प्रथिन घाईच्या ट्रान्सफरमध्ये जेलमध्येच राहतं.

आता खरी परीक्षा. पाल्मिटेट बनत नाही म्हणून पेशी थांबल्या असतील, तर बाहेरून पाल्मिटेट दिल्यावर त्या पुन्हा वाढल्या पाहिजेत. पाल्मिटेट पाण्यात विरघळत नाही, ते अल्ब्युमिनवर चढवून द्यावं लागतं. सोडियम पाल्मिटेट ३०.६ मिलिग्रॅम, १५० मिलिमोलर मिठाचं पाणी ४४ मिलिलिटर, ७० अंशांना ढवळत ठेवलं की द्रावण स्वच्छ होतं, २.५ मिलिमोलर. दुसऱ्या भांड्यात मेदाम्लरहित बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) १.१३ ग्रॅम, ५० मिलिलिटर मिठाच्या पाण्यात, ३७ अंशांना. बीएसए जास्त तापवू नये, ते गोठतं. गरम पाल्मिटेट ४० मिलिलिटर घेऊन ढवळत्या बीएसएमध्ये थोडं थोडं सोडायचं. ते पडतं तिथे क्षणभर पांढरा धागा उमटतो आणि विरून जातो. धागा विरला नाही तर वेग जास्त झाला किंवा पाल्मिटेट वाटेत थंड झालं. थंड पिपेटमध्ये ते आतल्या बाजूला साबणाच्या सायीसारखं चिकटतं आणि तेवढं मेदाम्ल हिशेबातून गळतं, म्हणून काचेचं पिपेट आधी गरम करून घ्यावं. तासभर ३७ अंशांना ढवळून, सामू ७.४ ला आणून, एकूण १०० मिलिलिटर करायचं: १ मिलिमोलर पाल्मिटेट, ०.१७ मिलिमोलर बीएसए, म्हणजे सहास एक. काचेच्या कुप्यांत उणे २० ला. पेशींना अंतिम २५ मायक्रोमोलर पुरतं, म्हणजे १०० मायक्रोलिटरला २.५ मायक्रोलिटर. कंट्रोलच्या वेलमध्ये तेवढंच नुसतं बीएसए द्यायचं, कारण अल्ब्युमिन स्वतःही रोधकाला चिकटून त्याची धार कमी करतं. हा कंट्रोल नसेल तर 'पाल्मिटेटने पेशी वाचल्या' या दाव्याला काही अर्थ उरत नाही.

मात्रा वाढवून फायदा होत नाही. काहीशे मायक्रोमोलरला पाल्मिटेट स्वतःच पेशी मारतं, आणि एमडीए-एमबी-२३१ याबाबतीत विशेष नाजूक आहेत. एससीडी-१ बंद केलं असेल तर पाल्मिटेट द्यायचंच नाही. तिथे संपृक्त साखळ्या आधीच साठलेल्या असतात, आणखी दिल्या तर नुकसान वाढतं. त्या प्रयोगात ओलिएट द्यावं.

आणि पाल्मिटेटने पेशी वाचल्याच नाहीत तर? दोन शक्यता. एक, रोधक दुसरीकडेच कुठेतरी मारतो आहे. दुसरी जास्त रंजक: फॅसन अडल्यावर त्याच्या अलीकडे मॅलोनिल-कोए तुंबतं, आणि त्रास त्या तुंबण्याचा असू शकतो. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर २००० साली प्रसिद्ध झालेल्या कामात हेच दिसलं. सी-७५ ने पेशी मरत होत्या, पण टोफा देऊन आधीच एसीसी बंद केलं तर त्या बऱ्याच अंशी वाचत होत्या, जरी मेदनिर्मिती दोन्ही वेळा थांबलेलीच होती. म्हणून आराखड्यात रोधक एकटा, रोधक अधिक पाल्मिटेट, रोधक अधिक टोफा आणि टोफा एकटं अशा चारही जागा हव्यात. निष्कर्षाला यांतली एकही चुकवून चालत नाही.

एसआय-आरएनएने जनुक गप्प करून पडताळणी करावी. दोन वेगवेगळे क्रम, २० ते ५० नॅनोमोलर, आणि वाचन ७२ तासांनी, कारण फॅसन हे प्रथिन पेशीत बराच काळ टिकतं. एक विसरलं जातं: एसआय-आरएनए पेशीत नेणारं अभिकर्मक स्वतःच मेदांचं बनलेलं असतं. मेदावरच्या प्रयोगात आपण मेदच ओतत असतो. नुसतं अभिकर्मक दिलेला आणि काहीच न दिलेला, असे दोन्ही कंट्रोल ठेवावेत.

याच धाटणीची गफलत सायक्लोऑक्सिजनेस-२ (कॉक्स-२) च्या बाबतीत वर्षानुवर्षं दिसते. ॲराकिडॉनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिनच्या वाटेवरची पहिली पायरी घालणारं हे एन्झाइम एमडीए-एमबी-२३१ मध्ये भरपूर आणि एमसीएफ-७ मध्ये जेमतेम असतं. त्याचा रोधक सेलेकॉक्सिब ५० ते १०० मायक्रोमोलर टाकला तर दोन्ही मरतात. प्रोस्टाग्लँडिन ई-२ मात्र त्याच्या कितीतरी खालच्या मात्रेतच थांबलेलं असतं. कॉक्स-२ न अडवणारा त्याचाच भाऊबंद, डायमिथिल-सेलेकॉक्सिब, तितक्याच सहज पेशी मारतो. म्हणजे मरण्याचं कारण वेगळं. लायपॉक्सिजनेसचा रोधक म्हणून वापरलं जाणारं एनडीजीए हे चांगलं प्रतिऑक्सिडीकारकही आहे, त्याचे निकालही याच नजरेने वाचावेत.

पेशी कशा मरतात हे बघताना एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ या पेशीमृत्यू घडवणाऱ्या एन्झाइमची तुटलेली पट्टी शोधू नये, या पेशींत ते प्रथिनच नसतं. ॲनेक्सिन-५ आणि कॅस्पेज-७ बघावं. एसके-बीआर-३ मध्ये हर-२ आणि सेरिन-४७३ वर फॉस्फेट असलेलं एकेटी (पेशी तगवणारं संकेतप्रथिन) हे दोन्ही २४ आणि ४८ तासांना तपासण्याजोगे, कारण फॅसन अडवल्यावर हर-२ चं प्रमाण घसरतं असं दाखवलं गेलं आहे. मेदबिंदू रंगवायचे तर पेशी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने स्थिर कराव्यात. मिथेनॉलने बिंदूच धुतले जातात, आणि रोधकाने मेद नाहीसा केला असं खोटंच चित्र मिळतं.

मेद काढून मास स्पेक्ट्रोमीटरवर नेणार असाल तर क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलचं २:१ मिश्रण काचेच्या, टेफ्लॉन झाकणाच्या नळीतच वापरा. पॉलिस्टायरिनची नळी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळते. पॉलिप्रोपिलीन टिकते, पण प्लॅस्टिक, हातमोजे आणि भांडी घासायचा साबण यांतून पाल्मिटेट आणि स्टिअरेट निसटून नमुन्यात उतरतात, नेमकी तीच दोन मेदाम्लं ज्यांची घट आपल्याला मोजायची आहे. प्रत्येक खेपेला पेशी नसलेली एक कोरी नळी सगळ्या पायऱ्यांतून न्यावी आणि तिचा आकडा वजा करावा. कोऱ्या नळीतलं पाल्मिटेट नमुन्याच्या जवळपास जात असेल तर ती खेप सरळ बाद.